टपालाच्या पिशवीतले बटाटे

९ जानेवारी

हे दर वर्षी नवी डायरी आणायचे, चार-पाच दिवस नेटाने लिहायचे आणि मग ती कपाटात जायची. अशा अकरा डायऱ्या निघाल्या. ही त्यातली चार वर्षांपूर्वीची. सुरुवातीच्या पानांवर त्यांचं अक्षर आहे. "आज पाय दुखले." "आज पाय कमी दुखले." जन्मभर टपाल वाटलेल्या माणसाने दुसरं काय लिहावं. पुढे सगळं कोरं. आजपासून मी लिहिते. वार जुळत नाहीत, ते खोडते आहे.

काल लेक आली होती. आल्या आल्या तिने टोपलीतून बटाट्यांची जाळीची पिशवी बाहेर काढली. बटाट्यांना बोटभर कोंब आले होते.

"आई, हे मी डिसेंबरात आणलेले."

"हो."

"एकही कमी झालेला नाही."

"मोजलेस काय?"

"मोजायला कशाला पाहिजे? जाळीची गाठसुद्धा मी मारलेली तशीच आहे."

मग तिने खुर्ची ओढली. ती खुर्ची ओढून बसली की समजावं, बोलणं घरून ठरवून आलेलं आहे. घरमालकाला एप्रिलअखेर कळवायचं आहे, हे घर ठेवायचं की सोडायचं. तोवर मी एकटी नीट जेवतेखाते असं तिला दिसलं तर ठीक. नाहीतर बोऱ्याबिस्तरा गुंडाळून तिच्याकडे.

"आणि तेव्हा रडारड चालणार नाही," ती म्हणाली.

"कोणाची?"

"दोघींची."

जावई भला माणूस आहे, त्यांच्याकडे मला वेगळी खोली आहे, खिडकीसुद्धा आहे. पण मला इथून हलायचं नाही. या जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत आणि कुठल्या पायरीवर ह्यांचा पाय जड पडायचा ते मला ठाऊक आहे. तिकडे जाऊन मी कुठली पायरी ऐकू?

खरं ते लिहिते, इथे कोण वाचतंय. सकाळी चहा-बिस्किट. दुपारी चहा. संध्याकाळी पाव. एकटीसाठी पातेलं चढवायचं म्हणजे कुणाची तरी नक्कल केल्यासारखं वाटतं. ह्यांना जाऊन सात महिने झाले.

१२ जानेवारी

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी एक पुस्तक दिलं. त्यांच्या शाळेच्या ग्रंथालयातलं आहे. एकशे दहा पानं, चित्रं भरपूर. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून घरच्या घरी भाजी कशी पिकवायची, ते.

"काकू, तुम्हाला वाचायला आवडतं ना. आणि शाळेत हे कुणी नेत नाही, एप्रिलपर्यंत राहू द्या."

मी शाळेत गेले नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद, रद्दी, दुकानांच्या पाट्या, असं करत आपली आपणच वाचायला शिकले. दिवसाला एक पान वाचते, पुढचं उघडत नाही. ही ह्यांची शिस्त. उद्याचं टपाल आज हातात घ्यायचं नाही, म्हणायचे, नाहीतर आजचं कुठेतरी पडतं.

पहिल्या पानावर लिहिलंय की आपल्या स्वयंपाकघरातला रोजचा कचरा सोन्यासारखा आहे. माझा आजचा कचरा म्हणजे चहाचा चोथा आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद.

तरी एक डोक्यात आलं. गॅलरी भरून हिरवं पिकलं, तर लेकीला आणखी कुठला पुरावा हवा?

१५ जानेवारी

कचरा मागायला निघाले. मागायला गेल्यावर कळलं की लोक साखर सहज देतात, कचरा देताना मात्र लाजतात. बाई म्हणाल्या, "काकू, आमचा नको हो, आमचा फार वाईट असतो." जसं काही मी परीक्षाच घेणार.

खाली तळमजल्यावर घड्याळवाले राहतात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर. ह्यांचं मनगटावरचं घड्याळ पंचवीस वर्षं त्यांनीच चालू ठेवलं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"घड्याळवाले, तुमच्याकडे भाजीची सालं-देठं निघतात का?"

त्यांनी भिंग काढलं नाही. हातातला स्क्रू बसवून म्हणाले, "निघतात की, वहिनी. किती हवीत?"

"किती म्हणजे? जेवढी निघतील तेवढी."

"कुठल्या भाजीची?"

"तुम्ही खाल त्या भाजीची."

"बरं," म्हणाले आणि पुन्हा स्क्रूमध्ये डोकं घातलं.

१६ जानेवारी

दाराशी कागदाची पुडी, दोऱ्याने बांधलेली, ते दुरुस्त घड्याळं बांधून देतात तशी. आत कांद्याची चार बुडं, लसणाच्या आठ पाकळ्या आणि कोबीचा बुंधा. बुंध्याला चांगला चार बोटं कोबी तसाच. केसाएवढे स्क्रू फिरवणाऱ्या माणसाला भाजी चिरता येऊ नये, नवल आहे.

कांद्याची बुडं पाण्यात उभी केली. लसूण मातीत. कोबीचा उरलेला भाग टाकवेना, मीठ घालून वाफवून खाल्ला. बरा लागला.

२१ जानेवारी

बटाटे लावायला खोल काहीतरी हवं, असं आज पुस्तकात आलं. पोतं, पिंप, काहीही. पोतं माझ्याकडे नाही.

ह्यांची पिशवी आहे. जाड कॅनव्हासची, बुड फाटलं म्हणून कचेरीने त्यांना देऊन टाकलेली. दाराच्या मागच्या खुंटीवर अजून आहे. सकाळी तिच्याकडे तीन वेळा गेले, तीन वेळा परत आले. चौथ्यांदा काढली. रिकामी पिशवी किती हलकी असते. ते घरी यायचे तेव्हा ती अशीच असायची आणि तरी खांदा चोळत बसायचे.

बुड फाटकं आहे म्हणजे पाणी साठणार नाही. उगाच वाईट वाटून घेण्यापेक्षा हे बरं. लेकीचेच कोंब आलेले बटाटे, सहा, डोळे वर करून लावले.

३० जानेवारी

कांद्याची पात वीतभर झाली. रोज सकाळी उठल्या उठल्या ती बघायला जाते. सात महिन्यांत पहिल्यांदा उठायला काहीतरी कारण आहे.

आता मला बादल्या वाचता येऊ लागल्या आहेत. बाईंच्या बादलीत सोमवार ते शुक्रवार अंड्यांची टरफलं आणि बटाट्याची सालं. रविवारी वाटाण्याच्या शेंगा असल्या तर समजावं सासूबाई आल्यात, बसून सोलायला त्यांनाच वेळ असतो. नवऱ्याशी वाजलं की कांदा जाड कापलेला असतो. आज फारच जाड होता. मी विचारलं, "काय हो, बरं आहे ना?" तर बघतच राहिल्या. "काकू, तुम्हाला कोणी सांगितलं?"

घड्याळवाल्यांची पुडी मात्र काही सांगत नाही. सालं कोरडी, स्वच्छ, एकाला एक चिकटलेली नाहीत. मसाल्याचा वास नाही, तेलाचा डाग नाही. गाजराच्या शेंड्याला अर्धं गाजर असतं. आज त्यांना ऐकवलंच.

"अहो, एवढं जाड सोलायचं असतं का? निम्मी भाजी फुकट जाते."

"हो का. शिकायला पाहिजे."

"सुरी बोथट असेल."

"असेल," म्हणाले. "पुस्तक कुठवर आलं, वहिनी?"

"गाजरापर्यंत. शेंडा पाण्यात ठेवायचा की पाला फुटतो."

"आणि पुढे?"

"पुढचं उद्या."

४ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी लेकीचा फोन येतो. "आज काय केलंस?" आज सांगितलं, "गाजराची भाजी." निम्मं खरं. घड्याळवाल्यांच्या शेंड्यांना गाजर इतकं होतं की कापून परतलं. मीठ जास्त पडलं. सवय गेली हाताची.

सगळ्यांना सांगून ठेवलंय की एप्रिलमध्ये प्रत्येकी सहा गाजरं देईन. बारा शेंडे लावलेत, एकेकाला पाच-सहा तरी धरतीलच.

१३ फेब्रुवारी

पुस्तकात अननस आला. शेंडा पिळून काढायचा, खालची पानं सोलायची, पाण्यात ठेवायचा. दोन-तीन वर्षांनी फळ येतं. मी जिन्यात बाईंना म्हटलं, एवढी वाट बघायला कोणाला वेळ आहे, आणि इथे अननस खातंय कोण.

खाली दुकानाचं दार उघडंच होतं.

१४ फेब्रुवारी

दाराशी अननसाचा शेंडा. खाली गेले तर घड्याळवाल्यांच्या बोटांवर चार ओरखडे.

"सहज आणला होता," म्हणाले. "खावासा वाटला."

"तुम्हाला साखरेचा त्रास. चहा बिनसाखरेचा पिता आणि अख्खा अननस खाल्लात? डॉक्टरांना कळलं तर?"

"सगळा नाही खाल्ला."

चांगलं झापलं. या वयात जिभेवर ताबा नको? संध्याकाळी वरच्या बाईंची दोन्ही मुलं जिन्यात हात चाटत बसली होती, खालच्या काकांनी अननस दिला म्हणे. म्हणजे निदान उरलेला वाटला, एवढी तरी अक्कल आहे.

२२ फेब्रुवारी

लेक न सांगता आली. फोन नाही, काही नाही. सरळ स्वयंपाकघरात. गॅलरीकडे बघितलंसुद्धा नाही, ओट्याखालची बादली ओढली. काठोकाठ भरलेली होती, बाईंचा सगळा रविवार आणि घड्याळवाल्यांच्या दोन पुड्या.

ती बराच वेळ बघत राहिली. एक साल उचललं, उलटसुलट केलं, परत टाकलं.

"बरीच सालं निघतात की गं."

मी "हं" म्हटलं. एवढंच. खोटं बोलले नाही, पण खरंही नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. मला वाटलं, झालं, जिंकले.

मग गॅलरीत गेली आणि पिशवी दिसली.

"आई. बाबांच्या पिशवीत माती?"

"बटाटे आहेत."

"काहीही असोत. माती?" तिचा आवाज चढला. लहानपणी हे घरात शिरले की ती आधी पिशवीत हात घालायची, खांद्यापर्यंत. आत कधी पेन्सिल, कधी रंगीत रबरबँड, कधी रस्त्यात सापडलेलं पीस. रोज काहीतरी असायचंच. मी म्हटलं, "रिकामी टांगून ठेवण्यापेक्षा बरं." ती पिशवीशी वाकली. बटाट्याच्या पाल्यावरून एकदा हात फिरवला.

ती गेल्यावर बादलीकडे बघवेना. जेवायला बसल्यावर दुसऱ्याच्या सालांनी जिंकले, असं वाटत राहिलं.

२३ फेब्रुवारी

भात लावला. माझा स्वतःचा, मूठभर. कांद्याची पात कापून वर घातली. खाल्ला. एवढंच लिहायचं होतं.

९ मार्च

दुपारी एकला कोपऱ्यावरच्या खानावळीवरून जात होते. काचेतून बघते तर घड्याळवाले आत, भिंतीकडे तोंड करून जेवताहेत. घरी एवढा स्वयंपाक करून वर खानावळीत. आणि अंगाने घड्याळाच्या काट्यासारखे. जातं कुठे कोण जाणे.

१८ मार्च

गाजरांचा निकाल लागला. पाला कंबरेएवढा झाला, पांढरी फुलंही आली. आज न राहवून एक उपटलं. खाली गाजर नाही. शेंड्याची सुकलेली चकती आणि मिशा. बाराच्या बारा तशीच.

पुस्तक काढून मागे गेले. तीस जानेवारीला वाचलेल्या पानानंतरचं पान आणि त्यानंतरचं एकमेकांना चिकटलेली होती, कुणा पोराने गोंद सांडला असावा. मी दोन्ही मिळून एक पान समजून पुढे गेले. वाफेवर सोडवली. पहिलंच वाक्य: शेंड्यापासून पुन्हा गाजर धरत नाही, फक्त पाला आणि फुलं येतात.

सगळ्या इमारतीला सहा-सहा गाजरं कबूल करून बसले आहे. बाई पोट धरून हसल्या. मग मीही हसले. किती दिवसांनी हसले ते आठवत नाही, घसा दुखला.

घड्याळवाल्यांना फुलांचा गुच्छ नेऊन दिला. "ही तुमची गाजरं."

त्यांनी तो पेल्यात ठेवला, चालू-बंद घड्याळांच्या मधोमध. "मला वाटलं तुम्ही फुलांसाठीच लावली," म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं गाजर येत नाही?"

"छे. मला कसं ठाऊक असणार," म्हणाले आणि टेबलावरचं कसलंसं पुस्तक रुमालाखाली सरकवलं.

११ एप्रिल

बटाट्याचा पाला पिवळा पडला. चार दिवस बघते आहे, पाणी घालते आहे, आणखी पिवळा होतो आहे. आज देठ आडवे झाले.

ह्यांचंही असंच झालं होतं. आधी खाणं कमी, मग रंग उतरला, मग एक दिवस आडवे. पाणी तेव्हाही मीच पाजत होते.

लेकीला काय दाखवू? वाळलेली काटकं आणि ह्यांची मळलेली पिशवी? उद्या सगळं उपसून टाकते. पिशवी धुवून परत खुंटीवर.

१२ एप्रिल

पिशवी उचलायला गेले, जागची हलेना. खाली जाऊन घड्याळवाल्यांना हाक मारली, म्हटलं जरा हात लावा, फेकायची आहे. ते बेचाळीस पायऱ्या चढून आले, धाप लागली. पिशवीकडे बघितलं.

"वहिनी, पुस्तक कितव्या पानावर आहे?"

"त्र्याण्णव."

"मग चार-पाच दिवस थांबा."

"मेलेल्याला थांबून काय उपयोग?"

"पुढची पानं वाचा तोवर. मी वाचून दाखवत नाही. तुमची शिस्त मोडायची नाही."

हट्टी माणूस. थांबते.

१६ एप्रिल

पान सत्त्याण्णव. पाला पिवळा पडून आडवा झाला की समजावं बटाटे तयार होत आले. पाणी बंद करावं, दहा-बारा दिवस तसेच राहू द्यावेत, साल पक्कं होतं.

तीनदा वाचलं. मग गॅलरीत जाऊन पिशवीशेजारी बसले. पिवळं पडून आडवं झालेलं सगळंच संपलेलं नसतं, असं काही मी म्हणणार नाही. ह्यांचं संपलं. बटाट्यांचं संपलेलं नाही. दोन्ही खरं आहे.

२७ एप्रिल

लेक आली. मी तिला बसूच दिलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं.

"फेब्रुवारीतली बादली माझी नव्हती. वरच्या बाईंची आणि घड्याळवाल्यांची होती. तेव्हा मी पावावर होते. आता रांधते, पण तेव्हा नाही. काय ठरवायचं ते हे धरून ठरव."

ती चपला काढत होती. "ठाऊक आहे," म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"आई, लहानपणापासून तुझ्यासमोर बसून जेवले. तू बटाटा सोललास की साल एकच लांब निघतं, पातळ, आरपार दिसणारं. त्या बादलीतलं एक तरी साल तुझं होतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? डिसेंबरात तू दार उघडायलासुद्धा उठत नव्हतीस. फेब्रुवारीत सगळी इमारत फिरून कचरा गोळा करत होतीस. म्हटलं, करू दे."

मी खुरपं उचललं. म्हटलं, "चल, बटाटे काढायचेत."

गॅलरीत मी खुरपं द्यायला गेले, तिने घेतलं नाही. बाही वर केली आणि पिशवीत हात घातला, खांद्यापर्यंत. तोंड वळवून डोळे मिटून चाचपडत राहिली, अगदी तशीच. मग हात बाहेर काढला. मुठीत एक बटाटा, मातीने भरलेला.

"आहे," म्हणाली. लहानपणी म्हणायची तेच.

दोघी रडलो. रडारड चालणार नाही असं तिनेच ठरवलं होतं, तेव्हा सुरुवात तिची, हे लिहून ठेवते.

चौतीस बटाटे निघाले. काही गोटीएवढे, पण बटाटेच.

मी सोलले, पातळ. पातीचा कांदा, लसूण, सगळं गॅलरीतलं. तिघांपुरतं केलं, कारण पिशवी फेकू न देणारा माणूस खाली होता. घड्याळवाले इस्त्रीचा सदरा घालून आले. पहिला घास घेतला आणि थांबले.

"मीठ जास्त झालं का?" मी विचारलं.

"नाही. घरचं जेवण सात वर्षांनी जेवतोय."

सात वर्षांनी? मग ती सालं, तो कोबी, गाजरं? मी विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात लेकीने टेबलाखालून माझा पाय दाबला आणि त्यांना आणखी बटाटे वाढले.

जाताना ती म्हणाली, "घरमालकाला मी कळवते, घर ठेवायचं म्हणून. आणि आई, रोज फोनवर काय केलंस ते आता विचारणार नाही."

"का?"

"किती जणांचं केलंस ते विचारीन."

२९ एप्रिल

पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं, बाईंना परत दिलं.

ओट्याखालच्या बादलीत आज बटाट्याची सालं, लांब. कांद्याची, लसणाची. सगळी माझी.

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी पुडी, दोऱ्याने बांधलेली. आत भोपळ्याच्या बिया, धुतलेल्या, वाळवलेल्या, एकसारख्या निवडलेल्या. भोपळा त्या पुस्तकात कुठेच नव्हता. मी एकशे दहाच्या एकशे दहा पानं वाचली आहेत.

खानावळीत जेवणाऱ्या एकट्या माणसाला अख्खा भोपळा कशाला लागतो, हे खाली जाऊन विचारता येईल. वरच्या मुलांना विचारलं तर भोपळा कुठे गेला तेही कळेल. पण विचारणार नाही. पुढचं पान आधी उघडायची मला सवय नाही.

बिया भिजत घातल्या आहेत. दुपारी दोघांचा भात लावते.